चार बोटं कमी

“आणखी एकच फोटो, तांडेल!” रिसॉर्टचा पाहुणा गळाला लागलेली सुरमई उंच धरून माझ्या बोटीत उभा होता.

सुरमई मापाच्या पट्टीपेक्षा चार बोटं कमी भरली होती. एवढी लहान धरायला बंदी आहे, लगेच सोडा, हे मी तीनदा सांगितलं. पण आधी बायकोसोबत फोटो, मग मित्रांसोबत, मग व्हिडिओ. तिची शेपटी हलायची थांबली, तेव्हा कुठे त्यानं ती ऐटीत पाण्यात सोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुरमई उताणी तरंगू लागली. दर्यानं दिलेलं वाया घालवू नये, म्हणून मी ती उचलून टोपलीत टाकली.

किनाऱ्यावर पाहुण्यानं मासा सोडतानाचा व्हिडिओ मत्स्यखात्याच्या साहेबाला दाखवला. साहेबानं माझ्या टोपलीतल्या सुरमईला पट्टी लावली. “लाज वाटत नाही? या पर्यटकांकडून शिका जरा! सोडा परत.”

पाहुणा मोबाइलमध्ये फोटो चाळू लागला.

“सायबानू, मेललो मासो सोडून जगतलो काय?”

“नियम म्हणजे नियम!”

मी गुडघाभर पाण्यात जाऊन ती सोडली. पुन्हा टाळ्या पडल्या. पुढच्याच लाटेनं तिला साहेबाच्या बुटांवर आणून टाकलं.

“आता मासो तुमच्याकडे गावलो!” मी ओरडलो. “लावा पट्टी!”