परक्याचं सुतक

आठ वर्षं सैन्यात डॉक्टर असलेली माझी ईश्वरी काल सुट्टीवर जयपूरला आली. आज माझा गुरुवारचा उपवास. “देवाला हार घाल गं,” मी म्हटलं. ती देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. “नको आई, मला सुतक आहे.” “कोण गेलं?” “इथल्याच चाकसू गावचा एक जवान. बावीस वर्षांचा. शनिवारी माझ्या हातात गेला.” “अगं वेडे, परक्याचं कुठे सुतक असतं? आणि धरलंसच, तर दहा दिवसांत फिटतं.” “दहा दिवस मोजून होण्याआधीच दुसरा जातो, आई. आठ वर्षांत एकदाही फिटलं नाही.” बोलता बोलता ती माझ्या गळ्यात पडून रडली. “सुतकबितक काही नाही हं,” म्हणत मी तिला थोपटलं. ती शांत झाल्यावर मी पूजेआधी पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ बारीक सोडला.