पेन्सिलीचा आवाज

किनुयोने वाकून मतपेटीत डोकावलं. "रिकामी आहे. लावा कुलूप," ती अधिकाऱ्याला म्हणाली. पहिलं मत देणाऱ्याने पेटी तपासायची असते आणि मिनोसावा वाडीत चाळीस वर्षं तो मान तिचाच. मागे वाडीतल्या झाडून साऱ्या बायका रांगेत उभ्या होत्या. सून फुसाए सगळ्यांत पुढे.

सत्ताधारी पक्षाचा तोगाशी साक्षीदाराच्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. कालच तो अंगणात येऊन कमरेतून वाकला होता आणि किनुयोने शब्द दिला होता, "वाडीची सगळी मतं कुरोइवांना."

उमेदवार आधी कुरोइवा आजोबा, मग बाप, आता नातू. मत द्यायचं म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नाव लिहायचं. शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेल्या किनुयोचा हात त्या नावावर असा बसला होता की आडोशाआड गेली की श्वास घेईतो बाहेर. बाकीच्या बायकांचंही तेच. किनुयो बोलली की वाडी बोलली.

काल जेवताना मात्र फुसाए म्हणाली होती, "आई, मी त्या उभ्या राहिलेल्या नर्सबाईंना मत देणार. ह्या कुरोइवांनी बाळंतिणींचा वॉर्ड बंद केला, म्हणून माझी पोर मिओरी घाटात, गाडीत बाळंत झाली. बाळ रडलंसुद्धा नाही."

"मी शब्द दिलाय. माझं नाक कापायला निघालीस?" किनुयोने वाटी आपटली होती.

आता ती आडोशाआड गेली. समोर उमेदवारांची यादी चिकटवलेली. कुरोइवा सगळ्यांत वर. तिचं बोट खाली सरकलं, थांबलं. मग ती एकेक रेघ बघून उतरवू लागली. पेन्सिल करकरली. थांबली. पुन्हा करकरली. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा तोगाशी हसला, पण अर्धवटच. "काय आजी, पेन्सिल बोथट होती की काय?"

"पेन्सिल चांगली आहे रे. हात बसलेला नव्हता." तिने चिठ्ठी पेटीत टाकली आणि सुनेकडे वळली. "जा गं. सावकाश लिही."

फुसाएला वेळ लागला. तिच्या मागच्या कोसुएला लागला. तिच्या मागे उभ्या असलेल्या किनुयोच्या थोरल्या जावेलाही. पेन्सिल करकरतच राहिली.

निकाल रात्री टीव्हीवर सांगणार होते. तोगाशीने तो सकाळी साडेसातलाच ऐकला.