गाभोळीचा रावस

गोमतीच्या टोपलीत नुसते बोंबील, आणि शेजारी राजुलच्या फळीवर चकाकते रावस. रावसाचं जाळं दसऱ्याला पूजा करूनच टाकायचं, हा कोळीवाड्याचा रिवाज. गोमतीचा नवरा तो पाळून घरी बसला होता. राजुलच्या नवऱ्याने महिनाभर आधीच मोडला होता.

गिऱ्हाईक राजुलकडे वळलं, तसं गोमतीच्या पोटात दुखलं. "वीतभर पिल्लं ती, घेऊ नका."

राजुलने एक रावस चिरून दाखवला. आत केशरी गाभोळी.

"एवढ्याशा जिवाला अंडी?" गोमती चरकली. सासूच्या काळी हातभर रावसातच गाभोळी मिळायची.

"हल्ली लवकर येतात, लवकर गाभोळी धरतात. दसऱ्याला काही उरत नाही गं."

ही अंडी खाडीतच पडायला हवी होती, हे गोमतीला कळत होतं. पण गिऱ्हाईक पिशवी भरून निघालं, आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"दसऱ्याचं राहू द्या. उद्याच जाळं टाका."