इथले रिवाज

स्पेनमधल्या सोरियाजवळच्या खेड्यात बासिलिसाबाई परदेशी पाहुण्यांना खोली भाड्याने देत. भिंतीवर त्यांनी पाहुण्यांसाठी माहितीचा कागद लावला होता. माद्रिदहून आलेली त्यांची लेक नूरिया तो मोठ्याने वाचू लागली.

"दुपारी दोन ते पाच दुकानं बंद. रात्रीचं जेवण नऊनंतर. दुकानात शिरताना सगळ्यांना 'बुएनोस दियास' म्हणावं. सकाळी बाहेर पडण्यापूर्वी घरमालकिणीचं दार वाजवावं, तिने ओ देईपर्यंत थांबावं..." नूरियाला हसू आलं. "आई, हा कुठला गं रिवाज? अख्ख्या स्पेनमध्ये कुणी पाळत नाही!"

"परदेशी माणसं पाळतात. लिहिलेलं सगळं पाळतात बिचारी," बाई चादरीची घडी घालत म्हणाल्या.

"अगं, पण कशाला?"

"शेजारचा एवारिस्तो गेला, ते नवव्या दिवशी कळलं. त्याच्याकडे पाहुणे उतरत नसत."