दुसरे चार दिवस

बायजी महिन्यातून दोनदा बाहेर बसू लागली, तेव्हा सासूने तिला आरोग्य केंद्रात आणलं. "चार दिवस झाले की पंधरवड्याने पुन्हा चार," म्हातारीने तक्रार केली. "तेवढे दिवस चुलीपुढं मी. धूर सोसत नाही आता."

नर्सबाईंनी म्हातारीला केसपेपर काढायला पिटाळलं आणि बायजीला विचारलं, "दुसऱ्यांदाही तेवढंच जातं?"

"दुसऱ्यांदा मला नसतंच, बाई. माझ्या योगिताचं असतं."

"मग तुम्ही कशाला बसता?"

"दोरीवर तिच्या पाळीचे कपडे वाळताना दिसणार, मग कुणीतरी बाहेर बसलेलं नको का? पोरगी नववीत आहे. म्हातारीनं तलासरीचा मुलगा बघून ठेवलाय. नातीला न्हाण आलं की त्याच उन्हाळ्यात लग्न, असं ठरलंय तिचं."

नर्सबाई मुरलेल्या होत्या. योगितासाठी रक्तवाढीच्या गोळ्या त्यांनी बायजीच्या पिशवीत सरकवल्या आणि परतलेल्या म्हातारीला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "दुखणं चिवट आहे, आजी. जिवाला धोका नाही, पण तीन-चार वर्षं असंच चालायचं."

बायजीने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

"चार वर्षं मला चूल झेपायची नाही," म्हातारी विचार करून म्हणाली. "योगिताला सोमवारपासून शाळेतून काढते. ती रांधेल. माझ्याखेरीज घरात विटाळ नसलेली तेवढी एकच आहे."