रोझलीची सात मांजरं

तिसरं पिल्लू हातातच गेलं. व्हर्नाने ते टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि सरळ नगरपालिकेला फोन लावला.

"माझ्या शेजारणीकडे सात भटकी मांजरं आहेत," ती म्हणाली. "रोगट आहेत. येऊन घेऊन जा."

बारा दिवसांपूर्वी प्राण्यांच्या निवाऱ्यातून पाच पिल्लं तिच्याकडे आली होती. पाच आठवड्यांची, आई नसलेली. ती अंगापिंडाने सुधारली की कुणीतरी दत्तक न्यायची, तोवर व्हर्नाने सांभाळायची. नवरा गेल्यापासून चार वर्षं ती हेच करत होती. निवाऱ्यातले लोक म्हणायचे, अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात व्हर्नासारखा हात नाही कुणाचा.

आठव्या दिवशी एक पिल्लू शिंकलं. दुसऱ्या दिवशी पाचही शिंकू लागली. डोळे चिकटले, नाकं चोंदली. वासच येईना, त्यामुळे खाणं सुटलं. व्हर्नाने जिवाचं रान केलं. न्हाणीघरात गरम पाणी सोडून, पिल्लांना मांडीवर घेऊन ती वाफेत बसून राहिली. मिठाच्या कोमट पाण्याने डोळे पुसले. कोंबडीचं पातळ सार सिरिंजने थेंबथेंब पाजलं. तरी एकामागून एक चाललीच होती.

बाहेरचं असं घरात कोण आलं होतं? फक्त रोझली. पलीकडच्या घरात एकटी राहणारी, सत्तरी उलटलेली रोझली. तिच्या पायरीखाली पेंढा भरलेली खोकी होती आणि त्या खोक्यांत सात मांजरं. प्रत्येकाला नाव. ती रोज पिल्लांना बघायला यायची आणि एकेकाला गालाला लावून जायची.

नगरपालिकेची गाडी आली तेव्हा व्हर्ना कुंपणापाशी उभी होती.

"माझ्यामुळे झालं हे?" रोझलीने विचारलं.

"मग कुणामुळे? त्या उकिरड्यावरच्या पलटणीला कुरवाळतेस आणि त्याच हातांनी माझी पिल्लं उचलतेस. हात तरी धुवायचीस का येताना?"

रोझलीला आठवेना. "एखाद्या वेळी विसरले असेन गं," ती म्हणाली.

गाडीवाल्याने पिंजरे मांडले. आत डबाबंद मासे ठेवले. मांजरं काही फिरकली नाहीत. तासाभराने तो कंटाळून निघायच्या बेतात होता.

"तू बोलाव त्यांना," व्हर्ना कुंपणावरून म्हणाली. "तुझ्या हाकेला येतील. का अजून दोन मारायचीत?"

रोझली गोठलेल्या गवतावर गुडघे टेकून बसली आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारू लागली. सातही आली. शेवटची लंगडी काळी मांजर आधी तिच्या कुशीत घुसली. रोझलीने तिला उचलून स्वतः पिंजऱ्यात ठेवलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथं पिल्लू गेलं. पाचवं मात्र थोडं खाऊ लागलं.

आता व्हर्नाला धास्ती लागली ती सार्जंटची. सार्जंट म्हणजे नवऱ्याचा लाडका बोका, नऊ वर्षांचा. त्याचा एक डोळा पाणावला होता. तसा तो अधूनमधून पाणावायचाच. नवरा म्हणायचा, पठ्ठ्याला थंडी बाधते. पण या वेळी व्हर्नाने धोका पत्करला नाही. त्याला घेऊन ती डॉक्टर फेर यांच्याकडे गेली. त्यांनी नाकातला स्राव तपासायला पाठवला आणि चार दिवसांनी तिला बोलावून घेतलं.

"याला लागण झाली नाही ना, डॉक्टर?"

"याला नाही झाली," फेर म्हणाल्या. "याच्यापासून झाली. हा विषाणू लहानपणापासून त्याच्या अंगात आहे. एरवी झोपलेला असतो. घरात नवी पिल्लं आली, बोका बिथरला, की जागा होतो. याचा डोळा पाणावतो, एवढंच. पिल्लांना तो झेपत नाही."

"गेल्या वर्षी दोन गेली होती..."

"तीही यातलीच असतील."

व्हर्नाने खुर्चीची कड घट्ट धरली. "पण शेजारणीची मांजरं रोगट होती."

फेर म्हणाल्या, "ती माझ्याकडेच आणली होती. कायमचं झोपवायची सुई मीच दिली. एकाचंही नाक वाहत नव्हतं. मी त्या नगरपालिकेच्या माणसाला म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, तक्रार आहे, कुणी मालक नाही, उरका." त्यांनी कागद पुढे सरकवला. "त्या बाईंना तुम्ही सांगाल ना?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "आजच सांगते."

आणि तिला खरोखरच सांगायचं होतं. गाडी चालवताना ती वाक्यं जुळवत होती. घरी येऊन तिने सार्जंटला आतल्या खोलीत सोडलं, कोटही न काढता परत दाराकडे वळली, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बाहेर रोझली उभी होती. हातात मांजरांच्या खाण्याच्या डब्यांचं खोकं.

"आत नाही येत मी," ती घाईघाईने म्हणाली. "हे तुझ्या पिल्लाला. माझ्याकडे आता खाणारं कुणी नाही." खोकं तिने पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. "झोप नाही बघ मला. तुझी चार लेकरं मी मारली. आणि माझी सातही माझ्यापायीच गेली. तू तोंडावर बोललीस तेच बरं केलंस, नाहीतर मला कळलंच नसतं. व्हर्ना, मला माफ करशील का गं?"

व्हर्नाच्या कोटाच्या खिशात तो तपासणीचा कागद होता. तिने खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. रोझली तिच्या तोंडाकडे बघत होती.

"रडू नकोस," व्हर्ना म्हणाली. "मी माफ केलं तुला."