थोरलं अक्षर

विंडोज ९५ च्या मशीनवर फोल्डर पटकन उघडलं. शेजारच्या युनिक्सच्या मशीनवर मात्र उघडेना. कृष्णातनं इंग्रजीत पुन्हा नाव टाइप केलं, आण्णा. मशीननं पुन्हा तेच सांगितलं, असं काही सापडत नाही.

उंब्रजचा कृष्णात पंधरा वर्षं फौजेत सिग्नलला होता. परत आल्यावर सांगलीच्या क्लासात पोरांच्या मांडीला मांडी लावून नेटवर्किंग शिकला. आज साखर कारखान्यात प्रॅक्टिकल होतं. सर्व्हरवरचं 'आण्णा' फोल्डर दोन्ही मशीनवर उघडून दाखवायचं. जमलं तर इथं नोकरी, नाहीतर पुण्यात वॉचमनची वर्दी. पुन्हा घरदार सोडून जायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

फौजी माणूस, आधी लाइन बघणार. त्यानं केबल चाचपली, टोकं तपासली. लाइन ठणठणीत होती. मग सर्व्हरवरच्या नावांची यादी काढली आणि कपाळाला हात लावला. यादीत पहिलं अक्षर स्मॉल होतं, त्यानं कॅपिटल टाकलं होतं. विंडोजला लहानमोठं सारखंच. युनिक्स भारी चिकित्सक, त्याला अक्षर तंतोतंत लागतं.

दोष सापडला होता. एक अक्षर बदललं की संपलं. पण त्याचं बोट कीबोर्डवर थांबलं.

"टाका की स्मॉल," परीक्षा घेणाऱ्या आम्रपाली मॅडम म्हणाल्या. सर्व्हर त्यांनीच बसवला होता. "दोनच मिनिटं राहिलीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कृष्णात म्हणाला, "थोरल्या माणसाचं नाव बारक्या अक्षरात लिवायला हात वळंना, म्याडम."

"हे आण्णा कोण, माहीत आहे?"

"न्हाई. कुणी का असंनात. आण्णा म्हंजी थोरलंच की."

मॅडम हळूच म्हणाल्या, "माझे वडील. याच कारखान्यात झाडू मारायचे. जन्मभर सगळे त्यांना आण्ण्याच म्हणाले."

कृष्णातला फार वाईट वाटलं. मॅडम उठून सर्व्हरपाशी गेल्या, दोन-चार कळा दाबल्या आणि डोळे पुसत परत आल्या. मघाशी लिहिलं होतं तसंच पुन्हा लिहा, म्हणाल्या.

त्यानं थोरलं अक्षर टाकलं. फोल्डर उघडलं.

मॅडमनी कागद पुढं ओढला आणि शेरा लिहिला, "दोष सर्व्हरवर होता. उमेदवाराने बरोबर शोधला."